एक टेप, दोन गाणी आणि न गायलेला गायक

'सा प्लान पूर म्वा' हे नाव ओळखीचं वाटलं नाही तरी गाणं कानावरून गेलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'मध्ये ते वाजतं. डॅनी बॉइलच्या '१२७ अवर्स'मध्येही आहे. त्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत ए. आर. रहमानचं, त्यामुळे साउंडट्रॅकच्या यादीत रहमानच्या रचनांच्या शेजारीच हे फ्रेंच गाणं दिसतं. भरधाव गिटार, धडाधड ड्रम, कुणीतरी श्वासही न घेता फ्रेंचमध्ये बडबडतंय आणि मध्येच फॉल्सेटोत, म्हणजे चढवलेल्या बारीक आवाजात, एक लांबलचक 'ऊऽऽऽ ऊऽऽऽ'. तीन मिनिटांच्या आसपास सगळा खेळ खलास.

१९७७ साली हे गाणं ब्रसेल्समध्ये रेकॉर्ड झालं. गायकाचं नाव छापलं गेलं प्लास्टिक बर्त्राँ. १९७८ मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकावर पोहोचलं आणि अमेरिकेत ४७व्या. फ्रेंच गाण्याला इंग्रजी मुलुखात एवढी मजल मारता येणं तेव्हाही दुर्मीळ होतं आणि आजही आहे. मात्र प्लास्टिक बर्त्राँने हे गाणं गायलेलंच नाही. दुसरीकडे, न्यायालयाने एकदा निकाल दिलाय की गायक तोच. आणि तिसरी भानगड म्हणजे याच वाद्यमेळावर एक इंग्रजी गाणंही आहे. त्याचे शब्द वेगळे, विषय वेगळा, गायक वेगळा. यातलं मूळ कुठलं आणि नक्कल कुठली यावर पंकचे, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या त्या रांगड्या, भरधाव रॉकचे रसिक कित्येक वर्षं हमरीतुमरीवर येत आलेत.

माझ्या मते या भांडणात बहुतेक जण एकमेकांशी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडतात. 'गाणं' म्हणजे एक वस्तू असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात रेकॉर्ड झालेल्या गाण्यात निदान चार गोष्टी असतात: चाल-शब्द, वाजवलेल्या वाद्यांची टेप, गाणारा आवाज आणि लोकांसमोर येणारा चेहरा. साधारणपणे त्यांचे मालक एकमेकांच्या इतके जवळ असतात की वेगळं मोजायची गरज पडत नाही. इथे मात्र चौघांची तोंडं चार दिशांना आहेत.

आधी माणसं ओळखून घेऊ.

चाल लू देप्राइकची. जन्म १९४६, गाव लेसीन, बेल्जियमच्या एनो प्रांतातलं. हा गडी पंकवाला अजिबात नव्हता. त्याचा गट होता 'टू मॅन साउंड', म्हणजे नावात माणसं दोन आणि प्रत्यक्षात तीन. लॅटिन ठेक्यावरची, नाचायला बरी अशी डिस्को गाणी ते करत. त्याच गटातला इव्हान लाकोंब्ले याने 'सा प्लान'चे शब्द लिहिले. शब्द म्हणजे शुद्ध टवाळी आहे. सुरुवातीलाच एक मांजर व्हिस्की पिऊन पलंगावर आडवं पडलेलं आहे, आणि पुढे अर्थ शोधायला गेलात तर तुम्हीही त्याच्या शेजारी आडवे व्हाल. शीर्षकाचा बोलीतला भाव 'आपलं मस्त चाललंय' असा काहीसा.

वाजवणारे होते रोजंदारीवर स्टुडिओत वाजवणारे वादक, ज्यांना सेशन म्युझिशियन म्हणतात. गिटारवर माइक बुचर, बेसवर जॉन वाल्क, ड्रमवर बॉब डार्च. यातला बुचर मुळात ध्वनिमुद्रक. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडच्या १९७३च्या अल्बमचं ध्वनिमुद्रण त्याने केलं होतं, आणि पुढे अमेरिकी गायक मार्विन गे बेल्जियममध्ये येऊन राहिला तेव्हा १९८२ मध्ये त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांपैकी एकाच्या वेळीही काचेमागे बुचरच बसला होता. म्हणजे हे 'उनाड पोरांचं' गाणं प्रत्यक्षात मुरलेल्या, हात बसलेल्या कारागिरांनी वाजवलं. पंकची तेव्हाची सगळी मिजास नेमकी याच्या उलट होती. वाजवता येत नसेल तरी चालेल, पण स्वतः वाजवा.

आता चेहरा. रोजे झुरे, जन्म १९५४, ब्रसेल्सचा. हा मात्र पंक बँडमधून आलेला. 'हबल बबल' नावाच्या बेल्जियन गटात तो ड्रम वाजवायचा. दिसायला देखणा, उड्या मारण्यात पटाईत. बर्ट बर्त्राँ नावाचा संगीत पत्रकार त्याचं व्यवस्थापन बघायचा, त्याने झुरेची देप्राइकशी गाठ घालून दिली. टोपणनावातलं 'बर्त्राँ' आलं तेही या पत्रकाराकडूनच. देप्राइक तेव्हा एकतिशीत पोचला होता आणि लोक त्याला डिस्कोवाला म्हणून ओळखत होते. टीव्हीवर कोण शोभेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

पहिल्या सिंगलवर, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकडीवर, हे गाणं मागच्या बाजूला होतं हेही सांगून ठेवतो. पुढची बाजू होती 'पोगो पोगो'. आज ती कुणाला आठवत नाही.

मग गायलं कोणी? देप्राइकचं म्हणणं, मीच. झुरे वर्षानुवर्षं म्हणत राहिला, मी. खरं तर त्या काळच्या युरोपात चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा हा प्रकार काही नवलाईचा नव्हता. आपल्याकडे घरोघरी कॅसेट असलेल्या बोनी एमचंच घ्या. मंचावर बेभान नाचणाऱ्या बॉबी फॅरेलच्या तोंडी असलेला तो खर्जातला आवाज स्टुडिओत निर्माता फ्रँक फारियनने दिलेला होता. याच फारियनच्या मिली व्हॅनिली या जोडीचं बिंग १९९० मध्ये फुटलं आणि त्यांचं ग्रॅमी काढून घेतलं गेलं.

मराठी वाचकाला इथे प्रश्न पडेल की यात एवढं काय? आपल्याकडे पडद्यावर ओठ हलवणारा वेगळा आणि गाणारी वेगळी, यात कुणाला वावगं वाटत नाही. ते खरं, पण त्याचं कारण तबकडीवर गाणाऱ्याचं नाव असतं. आणि तेही सुरुवातीपासून आपोआप मिळालेलं नाही. १९४९च्या 'महल'मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या जागी 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा खरं नाव बाहेर आलं. प्लास्टिक बर्त्राँच्या तबकडीवरही पात्राचंच नाव होतं असं म्हणता येईल, फक्त ते पात्र रोज सकाळी उठून दात घासायचं, मुलाखती द्यायचं आणि करारांवर सह्या करायचं.

त्या सह्यांवरच पुढचं सगळं अडलं.

इथे थोडा कायदा लागेल. तो कंटाळवाणा आहे, पण त्याशिवाय निकाल समजणार नाही. गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क हा एक. ती रचना कुणीही, कुठेही, कशीही वाजवली की त्यांना मानधन मिळतं. दुसरा हक्क त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. तो साधारणपणे पैसे घालणाऱ्या निर्मात्याकडे किंवा कंपनीकडे असतो. आणि तिसरा, सादर करणाऱ्याचा, म्हणजे ज्याने गायलं किंवा वाजवलं त्याचा. हा तिसरा हक्क वयाने सगळ्यात लहान आहे. बेल्जियमने तो कायद्यात आणला १९९४ साली. योगायोग असा की भारतातही आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यांचे हक्क आले ते १९९४च्याच दुरुस्तीने. म्हणजे १९७७ साली माइकसमोर कोण उभं होतं याला कायद्याच्या हिशेबात फारशी किंमत नव्हती. किंमत आली नंतर, आणि तोवर कागद लिहून झाले होते.

देप्राइक संगीतकार म्हणून पहिल्यापासून पैसे मिळवतच होता, हे लक्षात घ्या. त्या हक्कावर कुणी हात टाकलेला नव्हता. भांडण होतं तिसऱ्या हक्काचं आणि, माझ्या मते त्याहून जास्त, नावाचं. प्रकरण न्यायालयात गेलं. २००६ मध्ये ब्रसेल्सच्या अपील न्यायालयाने कागद पाहिले आणि सांगितलं की कायद्याच्या दृष्टीने या गाण्याचा सादरकर्ता प्लास्टिक बर्त्राँच. न्यायाधीशांच्या कानाला काय वाटलं याला तिथे जागा नव्हती. करारात गायक म्हणून ज्याचं नाव, तो गायक.

त्याच वर्षी देप्राइकने ते गाणं स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या नावाने पुन्हा रेकॉर्ड केलं. आणि नेमकी तीच रेकॉर्ड पुढे पुराव्याला आली.

पुढच्या टप्प्यावर न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल २०१० मध्ये बाहेर आला आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच. काम सोपवलं होतं भाषेच्या अभ्यासकाकडे. १९७७ची मूळ रेकॉर्ड आणि २००६ची देप्राइकची रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून त्याने उच्चार तपासले, विशेषतः ओळींच्या शेवटी आवाज कसा सुटतो ते. ब्रसेल्सच्या माणसाचं फ्रेंच आणि एनो प्रांतातल्या माणसाचं फ्रेंच कागदावर सारखंच दिसतं. कानाला ते वेगळं लागतं. एनोचा तो पट्टा पिकार्द बोलीचा. तिची छटा बोलणाऱ्याच्या स्वरांना चिकटून राहते, विशेषतः शब्द भरभर तोंडातून पडत असताना. आणि या गाण्यात तर शब्द नुसते सांडतात. असं गाताना आवाजाचा पोत बदलता येतो, सूर चढवता येतो, वेडावाकडा अभिनयही करता येतो. पण ओळीच्या शेवटच्या अक्षरावर लहानपणीचं गाव डोकावतंच. अहवालाचा निष्कर्ष असा होता की दोन्ही रेकॉर्डमधली लकब जुळते आणि ती त्या पट्ट्यातल्या माणसाची आहे. लेसीन त्याच पट्ट्यात येतं. रोजे झुरे ब्रसेल्सचा.

झुरेने आधी कानावर हात ठेवले. मग जुलै २०१० मध्ये 'ल स्वार' या ब्रसेल्सच्या दैनिकाला मुलाखत देऊन टाकली आणि कबूल केलं की तो आवाज माझा नाही. एका गाण्यापुरतं नव्हे, प्लास्टिक बर्त्राँच्या पहिल्या चारही अल्बमवर तो गायलेला नव्हता. त्याची बाजू अशी: मला गायचं होतं, पण स्टुडिओत येऊ दिलं नाही, आणि तोंड बंद ठेवण्याच्या बदल्यात अर्धा टक्का देऊ केला.

अर्धा टक्का. यावरून झुरेला चोर ठरवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं असं मला वाटतं. गाणं युरोपभर वाजत असताना टीव्हीच्या स्टुडिओंमधून उड्या मारणारा, दौऱ्यांवर जाणारा, पोरांच्या भिंतीवर पोस्टर होऊन लटकणारा माणूस तोच होता. त्या काळची एखादी टीव्हीवरची चित्रफीत पाहा. ओठ हलवण्यात फारसा काटेकोरपणा नाही, माइक तोंडाशी असला काय आणि नसला काय, पण नजर हलत नाही त्याच्यावरून. देप्राइकने स्वतः टोपी घालून हे गाणं सादर केलं असतं तर ते ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेलं असतं का? मला नाही वाटत. स्वतःच्या आवाजात झुरे पुढे गायलाही. १९८७च्या युरोव्हिजन या देशोदेशीच्या गायनस्पर्धेत लक्झेंबर्गतर्फे उतरला, तेही ब्रसेल्समध्ये, स्वतःच्या घरच्या मैदानावर. २२ देशांत २१वा आला, गुण मिळाले ४.

आता त्या इंग्रजी गाण्याकडे वळू. कारण 'मूळ कुठलं' हा वाद तिथला आहे.

ॲलन वॉर्ड हा इंग्रज. ब्रसेल्सच्या मॉर्गन स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करायचा. त्याआधी तो 'बास्टर्ड' नावाच्या बँडमध्ये गायचा. हा बँड इंग्लंड सोडून ब्रसेल्सला आला होता. त्यातला गिटारवादक ब्रायन जेम्स मात्र लंडनला परतला आणि त्याने 'द डॅम्ड' काढला. ऑक्टोबर १९७६ मध्ये आलेला त्यांचा पहिला सिंगल हा ब्रिटिश पंकचा पहिलावहिला सिंगल मानला जातो आणि तो लिहिला होता जेम्सनेच. वॉर्ड ब्रसेल्समध्येच राहिला. 'सा प्लान'साठी वाजवलेल्या त्याच वाद्यमेळावर त्याने आपले इंग्रजी शब्द गायले आणि 'एल्टन मोटेलो' या नावाने ते 'जेट बॉय, जेट गर्ल' म्हणून बाहेर काढलं. फ्रेंच गाण्यात व्हिस्की प्यायलेलं मांजर आहे. इथे पंधरा वर्षांचा मुलगा आहे, एका मोठ्या माणसाने त्याच्याशी ठेवलेले संबंध आहेत आणि तो माणूस एका मुलीसाठी आपल्याला सोडून गेला याचा मुलाच्या मनातला संताप आहे. भाषा उघडीवाघडी. ठेका मात्र तोच आनंदी, उड्या मारायला लावणारा, आणि त्यामुळे ते जास्तच अंगावर येतं.

इंग्रजी जगातल्या पुष्कळ पंकप्रेमींच्या कानावर आधी 'जेट बॉय' पडलं. त्यांना वाटलं की बेल्जियन पोराने त्याची गोड, निर्विष नक्कल केली. फ्रेंच गाणं आधी ऐकलेल्यांना वाटलं की इंग्रजांनी त्याचं विडंबन केलं. बाजारात कुठली तबकडी आधी आली याच्या तारखा एकमेकांच्या तोंडावर मारल्या जातात. पण दोन्ही गाण्यांखाली टेप एकच असताना तारखेने सिद्ध काय होणार? कव्हर म्हणजे आधी रेकॉर्ड झालेली रचना दुसऱ्याने नव्याने वाजवून-गाऊन रेकॉर्ड करणं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या स्वस्त कॅसेट काढल्या, त्या कव्हर. तिथे रचना जुनी, वाजवणं-गाणं नवं. 'जेट बॉय'मध्ये वाजवणं जुनंच आहे, फक्त वरचा आवाज आणि शब्द बदलले. त्याला फार तर दुसरी आवृत्ती म्हणता येईल, किंवा एकाच पायावर बांधलेलं दुसरं घर. कव्हर नक्कीच नव्हे. चाल आणि वाद्यमेळ यांचा उगम विचाराल तर तो देप्राइक आणि त्याने बोलावलेले वादक. वॉर्डचं कर्तृत्व शब्दांत आणि गाण्यात आहे, आणि ते कमी नाही.

गुंता वाढवला तो त्यानंतरच्या खऱ्याखुऱ्या कव्हरांनी. १९७८ मध्ये डॅम्डचा कॅप्टन सेन्सिबल याने 'सॉफ्टीज' या गटाबरोबर 'जेट बॉय, जेट गर्ल' रेकॉर्ड केलं. डॅम्ड तेव्हा मोडलेला होता. पण त्याचं नाव मोठं, त्यामुळे हे गाणं डॅम्डचंच अशी समजूत रुळली. म्हणजे वॉर्डच्या जुन्या मित्राने काढलेल्या बँडच्या खात्यावर वॉर्डचं गाणं जमा झालं. १९८२ मध्ये 'क्रॉन जेन' या इंग्लिश पंक बँडनेही ते केलं. ही शाखा पंकवाल्यांमध्येच फिरत राहिली.

फ्रेंच शाखा भलतीकडेच पसरली. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या सॉनिक यूथने ते एका संकलनासाठी केलं, गिटारींचा त्यांचा नेहमीचा कोलाहल कायम ठेवून. १९९३ मध्ये स्वीडनच्या लैला केने त्याचं नाचायचं गाणं केलं. प्रेसिडेंट्स ऑफ द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका या लांबलचक नावाच्या बँडनेही हौस भागवून घेतली. यांतल्या बहुतेकांची मातृभाषा फ्रेंच नाही, आणि खरं सांगायचं तर गाण्याला त्याने काही फरक पडत नाही. शब्दांना अर्थापेक्षा आवाज जास्त आहे.

या प्रत्येक कव्हरच्या वेळी पैसा कुणाकडे गेला असेल, हे वर सांगितलेल्या हक्कांवरून तुम्हीच लावू शकता. रचनेचे पैसे देप्राइक आणि लाकोंब्ले यांना. जुन्या मास्टरला काही नाही, कारण तो वापरलेला नाही. १९७७ साली गायलेल्या आवाजाला काही नाही आणि चेहऱ्यालाही नाही. '१२७ अवर्स'सारख्या चित्रपटात मूळ रेकॉर्डच वाजते तेव्हा मात्र मास्टरचा मालकही रांगेत येतो. एकच गाणं, पण कुठल्या रूपात वाजलं यावर लाभार्थी बदलतात. म्हणून तर न्यायालयात एवढी झटापट झाली.

देप्राइक १९ सप्टेंबर २०२३ रोजी वारला, वय ७७. रेकॉर्डवर, ॲपवर, चित्रपटांच्या श्रेयनामावलीत गायक म्हणून आजही प्लास्टिक बर्त्राँच आहे.

ऐकायचं असेल तर १९७७ची फ्रेंच रेकॉर्ड आधी लावा आणि शब्दांच्या मागे न लागता ओळींची शेपटं ऐका. मग एल्टन मोटेलो लावा, तेव्हा आवाज सोडून फक्त ड्रम आणि गिटारकडे कान द्या. कॅप्टन सेन्सिबलचं त्यानंतर, म्हणजे नव्याने वाजवल्यावर काय बदलतं ते लगेच कळेल. आणि सगळ्यात शेवटी टेलेक्स या बेल्जियमच्याच सिंथवाल्या त्रिकुटाने १९७९च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये केलेलं ऐका. त्यांनी या भरधाव गाण्याचा वेग काढून टाकला, गिटार काढून टाकली, आरडाओरडा काढून टाकला, आणि यंत्रासारख्या निर्विकार आवाजात ते म्हणून टाकलं. मला विचाराल तर सगळ्या कव्हरांमध्ये हेच सरस.